चाच्यांच्या दरबारात आंग्रे

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या चित्रपटमालिकेचा मी चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो. पहिला भाग २००३ साली आला, दुसरा २००६ साली आणि तिसरा, म्हणजे 'अ‍ॅट वर्ल्ड्‌स एंड', मे २००७ मध्ये. बोलायचे आहे ते या तिसऱ्या भागाविषयी. समीक्षकांनी त्याला गुण देताना हात बराच आखडता घेतला. लांबी पावणेतीन तासांहून जास्त. कथानकाचा गुंता असा, की कोण कोणाला कशासाठी फसवतो आहे हे कळेपर्यंत तिसराच कोणीतरी चौथ्याला फसवून मोकळा झालेला असतो. ही तक्रार खरी आहे. तरीही हा भाग मला तिन्हींमध्ये सर्वांत जास्त आवडतो, आणि सर्वांत जास्त टोचतोही. दोन्हींची कारणे सांगतो.

दुसऱ्या भागाच्या शेवटी क्राकेन नावाचा समुद्रराक्षस कप्तान जॅक स्पॅरोला त्याच्या जहाजासकट घेऊन जातो. जॅकवाचून चित्रपट चालणार नाही, म्हणजे त्याला परत आणणे आले. इंग्रज खलाशांच्या बोलीत 'डेव्ही जोन्सचा लॉकर' हा समुद्राच्या तळासाठी, बुडून मेलेल्यांच्या जागेसाठी जुना शब्दप्रयोग आहे. लेखकांनी ती जागा खरीच आहे असे मानले आणि जॅकला तिथे नेऊन ठेवले. ती दाखवली कशी? अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मिठाच्या पांढऱ्याशुभ्र मैदानावर! दर्यावर्दी माणसाचा नरक म्हणजे जिथे पाणी नाही आणि वारा नाही अशी जागा. जहाज कोरड्यावर उभे, शिडे लोंबलेली, आणि जॅकच्या सोबतीला त्याच्याच भ्रमातून निघालेले अनेक जॅक. मग हजारो खेकडे ते जहाज पाठीवर घेऊन निघतात. जॉनी डेपला या प्रसंगात बोलायला दुसरे कोणी नाही, तरी तो हलू देत नाही.

शेवटची लढाई समुद्रातल्या एका प्रचंड भोवऱ्यात होते. दोन जहाजे भोवऱ्याच्या कडेने गरगरत एकमेकांवर तोफा डागतात, डोलकाठ्या एकमेकींत अडकतात, आणि त्याच गदारोळात नायक-नायिकेचे लग्नही लागते. या लढाईसाठी जहाजे कॅलिफोर्नियातल्या एका भल्यामोठ्या हँगरमध्ये बांधली होती. यंत्रांवर ती कलती-डुलती ठेवली आणि भोवतालचा समुद्र संगणकावर तयार केला. हे माहीत असूनही पोटात खड्डा पडतो. करमणूक म्हणून याहून जास्त काय मागायचे?

पण चित्रपटाची सुरुवात मात्र करमणुकीची नाही. फाशीसाठी माणसांची रांग लागली आहे. चाच्यांशी नुसता संबंध असल्याचा आरोपही पुरेसा आहे. नागरिकांचे हक्क स्थगित झाल्याचे फर्मान वाचले जाते. रांगेत एक लहान मुलगाही आहे. हे सगळे करणारा आहे ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी लॉर्ड बेकेट. तो ओरडत नाही, चिडत नाही. त्याच्या दृष्टीने हा व्यवहार आहे, एवढेच. व्यापारी कंपनीच्या हाती फाशीचा दोर आणि तोफखाना आला म्हणजे काय होते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

या कंपनीविरुद्ध जगभरातल्या समुद्रांवरचे नऊ चाचे-सरदार सभा भरवतात. त्यात कॅरिबियन समुद्राचा जॅक आहे आणि चीनची चिंगबाई आहे. आणि हिंदी महासागराचा सरदार म्हणून येतात 'श्री संभाजी'. चित्रपटासोबतच्या साहित्यात त्यांचे आडनावही दिलेले आहे : 'अँग्रिया'. म्हणजे आपले आंग्रे! ही भूमिका मार्शल मनेश या इराणी वंशाच्या अमेरिकी नटाने केली आहे. डोक्यावर पागोटे. स्वतः काही बोलायचे नाही, सेवकांनी त्यांच्या वतीने बोलायचे. शेवटी युद्धाची घोषणा करायला ते स्वतः तोंड उघडतात आणि आवाज निघतो तो चिरका, किनरा. चित्रपटगृहात हशा पिकतो.

आता खरे संभाजी आंग्रे कोण, ते पाहू. सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांच्यामागून सेखोजी आणि १७३३ मध्ये सेखोजी गेल्यावर संभाजी. या संभाजींच्या आरमाराने १७३५ साली कंपनीचे 'डर्बी' हे मोठे जहाज पकडले. मुंबईकर इंग्रजांना तो घाव फार दिवस सलत होता. १७३७ मध्ये लंडनला क्लेमंट डाउनिंग याचे पुस्तक निघाले, त्याच्या शीर्षकातच आंग्र्यांना 'चाचा' म्हटले आहे.

मग आंग्रे चाचे होते का? चाचा म्हणजे ज्याच्यामागे कोणतीही सत्ता नाही, जो कोणाचेही जहाज स्वतःसाठी लुटतो तो. हेन्री एव्हरी हा असा चाचा. १६९५ मध्ये त्या इंग्रजाने मक्केहून परतणारे औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' लुटले. आंग्र्यांचे तसे नव्हते. ते मराठी राज्याचे सरखेल होते, किल्ले आणि बंदरे बाळगून होते. त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, नाहीतर जहाज जप्त होईल, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हेच करत होते आणि त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. खुद्द इंग्रजही परवाने देत. स्वतः दिला तर परवाना आणि दुसऱ्याने मागितला तर चाचेगिरी, असा तो हिशेब होता. आंग्र्यांनी जहाजे धरली, माणसे कैदेत ठेवली, खंडणी घेतली, हेही खरे आहे, ते झाकू नये. पण त्या समुद्रावर हे न करणारा कोण होता?

गंमत पाहा. चित्रपट सांगतो की कंपनी दुष्ट आहे, तिच्या फर्मानावर विश्वास ठेवू नका. आणि 'चाचा' हा शिक्का मात्र तो त्याच कंपनीच्या दप्तरातून उचलतो. चाहता म्हणून मला टोचते ते इथे. म्हणून चित्रपटाला कात्री लावा असे मी म्हणणार नाही. चीनमध्ये चाउ युन-फॅटने रंगवलेल्या चाचे-सरदाराच्या भूमिकेचा बराच भाग कापून चित्रपट दाखवला गेला. त्याने प्रेक्षकाच्या ज्ञानात काय भर पडली? विनोदी चित्रपटात सगळ्यांचीच टिंगल होते, तशी आपलीही होईल.

उलट त्या सभेतल्या एका प्रसंगाने मला आपल्या इतिहासाकडे नीट पाहायला लावले. राजा निवडायचा असतो आणि प्रत्येक सरदार स्वतःलाच मत देतो. एकटा जॅक एलिझाबेथला मत देतो आणि ती राजा होते. मग सगळे मिळून निशाणे चढवतात आणि शेवटी कंपनीचे आरमार माघारी फिरते. आपल्याकडे काय झाले? सेखोजींनंतर संभाजी आणि मानाजी या भावांचे जमेना. बाजीरावांना मध्ये पडून वाटणी करावी लागली. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे फाटले. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरेच. पण त्यांचा बंदोबस्त करायला पेशव्यांनी इंग्रजांचा हात धरला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. पुढच्याच वर्षी त्याच क्लाइव्हने प्लासी जिंकली.

म्हणजे चित्रपटात जे घडते, ते आपल्याकडे घडायला हवे होते आणि घडले नाही. 'श्री संभाजीं'च्या चिरक्या आवाजावर मुले हसली तर खुशाल हसू द्यावीत. फक्त चित्रपट संपल्यावर त्यांना सांगावे, की या नावाचा माणूस खरोखर होता आणि त्याच्या आरमाराला कंपनी खरोखर घाबरत होती. मुंबईतला नौदलाचा तळ १९५१ पासून त्याच्याच वडिलांचे नाव अभिमानाने लावतो : आय. एन. एस. आंग्रे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)