हार्ट सर्जरीची तारीख महिनाभराने मिळाली. तोपर्यंत घरच्यांनी काय करायचं?

अँजिओग्राफी होते, डॉक्टर 'बायपास करावी लागेल' म्हणतात आणि घरात धावपळ सुरू होते. पण केस तातडीची नसेल, तर सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात तारखेसाठी थांबावं लागतं. हा काळ फक्त फोनची वाट बघण्यात जातो. खरंतर ऑपरेशन पुढे ढकललं जाण्याची काही कारणं याच दिवसांत टाळता येतात.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दात! झडप बदलायची असेल, तर किडलेल्या दातांतले जंतू रक्तात मिसळून नव्या झडपेवर बसू शकतात. म्हणून सर्जन आधी डेंटिस्टकडे पाठवतात. 'ऑपरेशन छातीचं, मग दात कशाला?' म्हणत ती चिठ्ठी फाइलमध्येच राहते आणि भरती व्हायच्या वेळी अडचण होते. न आटोक्यात आलेली शुगर, ताप-खोकला यांनीही तारीख हुकते. तंबाखू, विडी, मशेरी मात्र आजच बंद.

गोळ्यांचं काय? रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या साधारण 5 दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन अनेकदा सुरूच ठेवतात. हे फक्त सर्जनने ठरवायचं. परस्पर गोळी सोडली तर अटॅकचा धोका, चालू राहिली तर रक्तस्रावाचा.

रक्तदात्यांची यादीही आधीच हवी. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर 'अर्जंट' मेसेज फिरवण्यात अर्थ नाही. एकदा रक्त दिल्यावर पुरुषांना 3 आणि स्त्रियांना 4 महिने थांबावं लागतं. त्यामुळे यादीतल्या भाच्याने गेल्याच महिन्यात शिबिरात रक्त दिलंय का, हे विचारून घ्यावं.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. मंजुरी ऑपरेशनआधी घ्यायची असते, म्हणून रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का, ते आत्ताच बघावं.

आणि पेशंटपासून लपवाछपवी नको. 'बाबांना सांगू नका' म्हटलं तरी बाबांना कळतंच, फक्त ते मग प्रश्न विचारायचं थांबवतात.

बसल्या जागी छातीत दुखलं, आडवं झाल्यावर दम लागला, चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर तारखेची वाट बघायची नाही. लगेच 108 ला फोन करायचा आणि फाइल सोबत न्यायची.