घरकुल साहाय्य, ग्रामीण
बेघर अथवा मोडकळीस आलेल्या कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबास स्वतःचे घर बांधण्यासाठी शासनाकडून मिळणारे अनुदान व त्यास पूरक सवलती. शहरातील बेघर माणूस पदपथावर दिसतो व जनगणनेत वेगळा मोजला जातो. २०११ च्या जनगणनेत भारतात बेघर व्यक्तींची एकूण संख्या सु. १७·७ लाख भरली. खेड्यातील गृहहीनता मात्र छपराआड दडलेली असते. भावाच्या पडवीत राहणारे कुटुंब किंवा दुसऱ्याच्या जागेवर कुडाची झोपडी घालून राहिलेला मजूर या मोजणीत बेघर ठरत नाही. ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्याने विशिष्ट बेघरांना निवारा मिळवून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. भारतात निवारा हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये चमेली सिंग खटल्यात मान्य केले. परंतु प्रत्यक्ष साहाय्य योजनांच्या रूपानेच मिळत आले आहे.

इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये ग्रामीण रोजगार कार्यक्रमाचा एक भाग म्हणून सुरू झाली. प्रारंभी ती अनुसूचित जाती-जमाती व मुक्त वेठबिगार यांच्यापुरती होती. १९९३-९४ पासून इतर गरिबांनाही ती खुली झाली व १ जानेवारी १९९६ पासून स्वतंत्र योजना बनली. १ एप्रिल २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) घेतली. तीत सपाट प्रदेशात १,२०,००० रु. व डोंगराळ किंवा दुर्गम भागात १,३०,००० रु. अनुदान ठरले. घर किमान २५ चौ. मी. असावे लागते. रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी व शौचालयासाठी १२,००० रु. यांची त्यास जोड देण्यात आली. महाराष्ट्राने यांशिवाय अनुसूचित जातींसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी व भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा योजना चालविल्या. कोलाम, माडिया गोंड व कातकरी या अतिमागास जमातींसाठी २०२३ च्या केंद्रीय मोहिमेत घरामागे दोन लाख रुपये ठेवण्यात आले.

गोंडपिपरी (जि. चंद्रपूर) तालुक्यात या योजनांचा कस लागतो. पूर्वेस वैनगंगा, पश्चिमेस वर्धा व दक्षिणेस त्यांच्या संगमातून होणारी प्राणहिता अशा दुआबात तो वसला आहे. येथील जुनी घरे मातीच्या किंवा कुडाच्या भिंतींची, बांबूच्या तट्ट्यांची व कवेलूंच्या छपराची. स्थानिक हवामानास ती सोयीची असली, तरी दर पावसाळ्याअगोदर डागडुजी मागतात; ज्याला बांबू व मजुरी परवडत नाही त्याचे छप्पर लवकरच प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर येते. अनुदानाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार बँक खात्यात जमा होतात व प्रत्येक टप्प्याचे स्थाननिर्देशित छायाचित्र द्यावे लागते. जुने घर पाडून त्याच जागी जोते बांधणाऱ्या कुटुंबाला, हप्ता रखडला तर, तो काळ उघड्यावरच काढावा लागतो. घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे धोरण आहे, ते यामुळेच महत्त्वाचे.

खरी अडचण पैशाची नसून जागेची आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत निवारा नसलेल्या कुटुंबांना निवडीत अग्रक्रम मिळाला; परंतु ज्याच्या नावे जागा नाही, त्याचे घरकुल मंजूर होऊनही कागदावर राहते. जागा खरेदीसाठी राज्याने २०१५ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेखाली ५०,००० रु. देऊ केले व पुढे ही रक्कम एक लाखापर्यंत वाढविली. शासकीय जमिनीवरील २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरणही २०१८ मध्ये ठरले. वनजमीन मात्र या धोरणाबाहेर राहते, आणि पूर्व विदर्भात वनजमीन कशास म्हणावे हाच दीर्घकाळ वाद होता.

मालगुजारी १९५१ मध्ये नष्ट झाली, तेव्हा गावाभोवतालच्या खुरट्या झुडपांच्या व चराईच्या जमिनी महसूल दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदल्या गेल्या. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या सहा जिल्ह्यांत अशी सु. ८६,००० हेक्टर जमीन आहे. तीवर पुढे शाळा, कार्यालये व वस्त्याही उभ्या राहिल्या. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर, विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर, अभिलेखात जंगल असलेली प्रत्येक जमीन वन ठरली व तीवरील घरांची वैधता संशयास्पद झाली. २२ मे २०२५ च्या निर्णयात न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचे स्पष्ट केले. पण १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींना पर्यायी वनीकरणाच्या अटीविना केंद्राची मान्यता घेण्याची मुभा दिली. अशी जमीन केवळ वारसाने हस्तांतरित होऊ शकते. वाटपाचा लेखी आदेशच नसलेल्या कुटुंबाला यातून सरळ दिलासा मिळत नाही.

वनहक्क कायदा (२००६) हा दुसरा मार्ग. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर वास्तव्य असलेल्या आदिवासींना व तीन पिढ्यांचे (७५ वर्षांचे) वास्तव्य सिद्ध करणाऱ्या इतर पारंपरिक वननिवासींना तो निवासाचा हक्क देतो. हा ७५ वर्षांचा पुरावा बिगरआदिवासी भूमिहीनांना जड जातो. राज्यपालांनी २०२० मध्ये घरासाठी लगतची वनजमीन देण्याची केलेली तरतूद केवळ अनुसूचित क्षेत्रास लागू आहे.

पुराच्या वेळी हीच उणीव पुन्हा नडते. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषांप्रमाणे पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० रु., तर झोपडीला ८,००० रु. मिळतात; आणि घराच्या दरासाठी बांधकाम अधिकृत असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो.