चिप नेमकी कोणाची?

लॅपटॉपमध्ये टीपीएम नावाची एक चिप असते. कधी मदरबोर्डवर वेगळी, कधी प्रोसेसरच्या पोटातच. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ती सक्तीची केली, तेव्हा अनेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं. तिचं काम मात्र थक्क करणारं आहे.

कॉम्प्युटर सुरू होताना प्रत्येक प्रोग्रॅम पुढच्याचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा ओळख पटवणारा आकडा, काढून चिपकडे देतो. चिप तो नुसता लिहून ठेवत नाही. आधीच्या आकड्याला तो जोडते, दोघांचा मिळून पुन्हा हॅश काढते आणि तेवढाच ठेवते. मधे कुठे एक बिट जरी बदलला, तरी शेवटचा आकडा पार वेगळा येतो. मशीन रीस्टार्ट केल्याशिवाय तो पुसता येत नाही. यंत्र कसं सुरू झालं याची सगळी हकिकत अवघ्या ३२ बाइटांत!

डिस्कवरच्या माहितीचं कुलूप उघडणारी किल्ली या आकड्याला बांधली, की चोराने पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालवली तरी चिप किल्ली सोडत नाही. इथवर सगळं आपल्याच फायद्याचं.

पण हाच आकडा चिप स्वतःच्या सहीनिशी नेटवरून परक्यालाही कळवू शकते, आणि सहीची गुप्त किल्ली मालकाच्याही हाती लागत नाही. मग फाइल पाठवणारा अट घालू शकतो: माझ्या पसंतीचं सॉफ्टवेअर असेल तरच उघडेल, प्रिंट नाही, कॉपी नाही, अमक्या तारखेनंतर वाचणंही नाही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांना २००२ मध्येच धास्ती होती, की साहेबाने कागदपत्रं नष्ट करायचा हुकूम मेलवर द्यावा आणि नंतर तो मेलच वाचता येऊ नये.

नुसत्या सॉफ्टवेअरच्या कुलपानेही काय होतं, ते डिसेंबर २००९ मध्ये दिसलं. ऑफिस २००३ मधलं एक सर्टिफिकेट मुदत संपून बाद झालं आणि लोकांना स्वतःच संरक्षित केलेल्या फायली उघडेनात. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती पाठवली तेव्हा कुठे सुटका झाली.

डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या ईएफएफ या संस्थेच्या सेथ शोन यांनी २००३ मध्ये तोडगा सुचवला होता: समोर बसलेल्या मालकाने सांगितलं, तर चिपने परक्याला मालक म्हणेल तोच आकडा कळवावा. व्हायरसला ही मुभा नाही, फक्त मालकाला. मला तो आजही पटतो. पण चिप मालकाच्या सांगण्यावरून खोटं बोलू लागली, तर लांबून कुलूप लावणाऱ्याला ती कवडीच्या कामाची नाही. तोडगा टीपीएमच्या मानकात आला नाही.