विश्लेषण : ब्रेक्झिट ब्रिटनचे, कसोटी आयर्लंडची! मालवणशी नाते असलेल्या पंतप्रधानांनी सीमा कशी मोकळी ठेवली?

पुणे : डब्लिनमध्ये शिकणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्याने बेलफास्टची बस पकडली, तर देशाची सीमा कधी ओलांडली हे त्याला बहुधा कळतही नाही. नाका नाही, कुंपण नाही. फक्त वेगमर्यादेच्या फलकांवर किलोमीटरऐवजी मैल दिसू लागतात. ब्रेक्झिटमुळे ही मोकळी सीमा बंद होण्याची भीती होती. ती कशी टळली?

नेमके काय घडले?

ब्रिटन आणि आयर्लंड १९७३ मध्ये एकाच वेळी युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाले. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनमधील सुमारे ५२ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग असल्याने बेटावरील सुमारे ५०० किलोमीटरची सीमा युरोपीय महासंघाची बाह्यसीमा ठरणार होती.

आयर्लंडचे प्राधान्यक्रम कोणते?

• उत्तर आयर्लंडमधील शांतता प्रक्रिया जपणे
• व्यापार व अर्थव्यवस्थेला बसणारा फटका कमी करणे
• दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांकडे राहण्या-काम करण्याची मुभा देणारे 'कॉमन ट्रॅव्हल एरिया' टिकवणे
• महासंघातील आपले स्थान बळकट करणे

जून २०१७ मध्ये ही जबाबदारी लिओ वराडकर यांच्याकडे आली. जन्म डब्लिनचा, वडील डॉक्टर, मूळ गाव सिंधुदुर्गातील मालवण तालुक्यातले वराड. पंतप्रधान असताना डिसेंबर २०१९ मध्ये ते या गावी येऊन गेले.

सीमेचा प्रश्न एवढा नाजूक का?

उत्तर आयर्लंडमधील तीन दशकांच्या हिंसाचारात सुमारे साडेतीन हजार जणांचा बळी गेला. १० एप्रिल १९९८ च्या 'गुड फ्रायडे' कराराने तो बहुतांशी थांबला. पुन्हा नाके उभारले, तर तेच हल्ल्यांचे लक्ष्य ठरतील, ही चिंता होती.

तोडगा कसा निघाला?

आकाराने लहान असलेल्या आयर्लंडने ब्रिटनशी एकट्याने सौदा करणे टाळले आणि महासंघातील उर्वरित देशांना आपल्यामागे उभे केले. १० ऑक्टोबर २०१९ रोजी लिव्हरपूलजवळ वराडकर व बोरिस जॉन्सन यांची भेट झाली. आठवडाभरात करार ठरला : जमिनीवर नाके नकोत, मालाची तपासणी बंदरांवर करायची.

किंमतही मोजावी लागली. आपल्यात आणि उर्वरित ब्रिटनमध्ये सागरी सीमा आखली गेली, असा ब्रिटनवादी पक्षांचा संताप झाला. डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या बहिष्कारामुळे उत्तर आयर्लंडचे सरकार २०२२ पासून दोन वर्षे ठप्प होते. २०२३ च्या 'विंडसर फ्रेमवर्क'ने नियम सैल केले.

पुणेकरांनी काय लक्षात ठेवावे?

नाका नाही म्हणजे व्हिसा नको, असे नाही. 'कॉमन ट्रॅव्हल एरिया'ची मुभा ब्रिटिश व आयरिश नागरिकांसाठी आहे. बेलफास्ट ब्रिटनमध्ये येते. त्यामुळे आयर्लंडचा विद्यार्थी व्हिसा असलेल्या भारतीयाला तिथे जाण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा घ्यावाच लागतो. तेव्हा बसचे तिकीट काढण्याआधी पासपोर्टची पाने तपासा.