शिक्षकांची देवघेव

देशोदेशींच्या शिक्षकांची देवघेव म्हटली, की आमच्या डोळ्यांपुढे विमान उभे राहते. तिचे उत्तम उदाहरण पाहावयास मात्र बुटीबोरीहून वर्ध्याची गाडी धरली तरी पुरे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. तिच्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन हे बर्लिन विद्यापीठाचे डॉक्टर. सेवाग्रामी नई तालीम चालविणारे आर्यनायकम् सिलोनचे. आणि पुढे तेथे शिक्षक घडविणाऱ्या मार्जोरी साइक्स इंग्लंडच्या. साइक्सबाई १९२८ मध्ये मद्रासच्या मुलींच्या शाळेत शिकवावयास आल्या होत्या.

या मंडळींनी परदेशी शाळेचा साचा येथे आणून बसविला नाही. बाहेर मिळालेली दृष्टी त्यांनी येथील सुताला आणि शेताला लावून पाहिली. प्रयोग मुख्यतः प्राथमिक शिक्षणाचा. पण धडा माध्यमिक शाळेलाही लागू आहे. परदेशी शिकून आलेल्या शिक्षकाच्या हाती आम्ही पुन्हा तोच परीक्षेपुरता अभ्यासक्रम ठेवला, तर उरतात ती केवळ छायाचित्रे. त्याला सहकाऱ्यांचा तास पाहण्याची, आपला दाखविण्याची, प्रसंगी चुकण्याचीही मोकळीक हवी. ती देणे कोणा परदेशी सरकारच्या नव्हे, आमच्याच शाळासमितीच्या हाती आहे.