मागावरील राष्ट्रचित्र : सोलापुरी चादर, भित्तिवस्त्र आणि बदलती राष्ट्रीय ओळख
(अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या विशेष संदर्भात)

१. प्रस्तावना

कला ही समाजमनाचा आरसा असते, असे नेहमी म्हटले जाते. राष्ट्राचा इतिहास आणि त्याची घडत जाणारी ओळख कलेत कशी उमटते, याचा विचार करताना मात्र अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने चित्र, शिल्प व वास्तू यांकडे जाते. संग्रहालयात जे जतन झाले त्यालाच कला मानण्याची सवय यामागे आहे. परंतु सामान्य माणसाच्या घरात राष्ट्राची प्रतिमा पोहोचते ती बहुधा दिनदर्शिका, मुद्रित चित्र आणि वस्त्र यांच्या द्वारे. सोलापूर शहरातील अक्कलकोट रोड एमआयडीसी ही यंत्रमागांची वसाहत या दृष्टीने महत्त्वाची आहे. येथील चादरी, टॉवेल आणि भित्तिवस्त्रे (वॉल हँगिंग) यांकडे आजवर उद्योग म्हणून पाहिले गेले. त्यांच्याकडे ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून पाहिल्यास काय हाती लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. उद्दिष्टे

१) भारतीय राष्ट्रीय ओळखीच्या जडणघडणीत वस्त्राचे प्रतीक म्हणून असलेले स्थान स्पष्ट करणे.
२) सोलापूरच्या विणकामाची ऐतिहासिक पार्श्वभूमी व जॅकार्ड तंत्र समजून घेणे.
३) भौगोलिक मानांकनाने या कलेला दिलेली ओळख आणि तिच्या मर्यादा यांची चर्चा करणे.

३. राष्ट्रीय ओळख आणि वस्त्र

भारतीय राष्ट्रवादाच्या इतिहासात वस्त्र हे केवळ गरजेची वस्तू राहिलेले नाही. अवनींद्रनाथ टागोर यांनी १९०५ मध्ये रंगविलेल्या ‘भारतमाता’ या चित्रात मातेच्या चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, जपमाळ आणि शुभ्र वस्त्र दाखविले आहे. विद्या, अन्न आणि दीक्षा यांच्या बरोबरीने वस्त्राला तेथे स्थान मिळाले. त्याच वर्षी ७ ऑगस्ट रोजी कलकत्त्यात स्वदेशी चळवळीची घोषणा झाली. २०१५ पासून हाच दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो.

पुढे गांधीजींनी चरख्याला स्वातंत्र्यलढ्याचे प्रतीक केले आणि काँग्रेसच्या ध्वजावर तो विराजमान झाला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. ध्वजाचे कापड मात्र हाताने कातलेले व हाताने विणलेले असावे, हा नियम दीर्घकाळ कायम राहिला. २००२ च्या ध्वजसंहितेतही तो होता. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार झालेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली. एका शतकात हातकताईपासून यंत्रापर्यंत झालेला हा प्रवास म्हणजे राष्ट्राने स्वतःविषयी केलेल्या कल्पनेतील बदलाचाच आलेख होय. यंत्रमागांच्या शहराला हा बदल अधिक जवळचा आहे.

४. सोलापूर : ऐतिहासिक पार्श्वभूमी

पेशवाईच्या काळापासून सोलापुरात विणकर समाज स्थायिक होत गेला. निजामाच्या राज्यातील तेलंगण भागातून आलेल्या तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांनी येथील हातमागाला आकार दिला. १८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७० च्या दशकात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही गिरणी उभी राहिली. लोकांच्या तोंडी ती ‘जुनी मिल’ म्हणून रुळली. पाठोपाठ इतर गिरण्या निघाल्या आणि सोलापूर हे गिरणगाव झाले. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चार भाषा एकाच शहरात नांदू लागल्या.

या कामगारनगरीने स्वातंत्र्यलढ्यात आपला स्वतंत्र ठसा उमटविला. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटून उठले. काही दिवस ब्रिटिश प्रशासन जवळपास नाहीसे झाले आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. या चार नावांतूनच सोलापूरची बहुविध सामाजिक घडण लक्षात येते. शहरातील चार हुतात्मा चौकात त्यांचे पुतळे आहेत. राष्ट्राच्या इतिहासाचे कलेतील हे उघड व अधिकृत रूप होय. त्याचे दुसरे, अनौपचारिक रूप मागावर घडत राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर राज्यभर औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. अक्कलकोट रोडवरील वसाहत प्रामुख्याने चादर व टॉवेल यांच्या उत्पादनाने ओळखली जाऊ लागली.

५. जॅकार्ड तंत्र आणि नक्षीची भाषा

सोलापुरी चादरीवरील नक्षी छापलेली नसते, ती विणलेली असते. हा भेद मूलभूत आहे. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. साध्या विणीत ताण्याचे धागे ठरावीक गटांनी वरखाली होतात. जॅकार्ड यंत्रणेत मात्र स्वतंत्र आकड्यांच्या साहाय्याने हवे तेवढेच धागे उचलता येतात. नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर आखली जाते. त्यातील प्रत्येक आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड तयार होते. कार्डावर छिद्र असेल तेथे सुई आरपार जाते आणि तिला जोडलेला धागा उचलला जातो. छिद्र नसेल तेथे धागा खालीच राहतो. अशी शेकडो कार्डे साखळीसारखी ओवली की पूर्ण नक्षी उमटते. बहुतेक चादरींत एका बाजूस जो नक्षीचा रंग असतो, तोच दुसऱ्या बाजूस पार्श्वभूमीचा होतो.

फ्रान्समधील लिआँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे तंत्र सिद्ध केले. १८३९ मध्ये त्यांचेच एक व्यक्तिचित्र रेशमात विणण्यात आले व त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली. संगणकाचे आद्य संकल्पक चार्ल्स बॅबेज यांच्या संग्रही या चित्राची एक प्रत होती. परदेशात जन्मलेले हे तंत्र सोलापूरच्या विणकराने आपलेसे केले. मोर, वेल, फुले आणि भौमितिक चौकडी यांबरोबरच भित्तिवस्त्रांवर देवदेवता, संत, छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची चित्रे विणली जाऊ लागली.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. भित्तिवस्त्रावर कोणाचे चित्र विणायचे, हे कोणतीही अकादमी ठरवीत नाही. ते ग्राहकाची मागणी ठरविते. एका चित्राची कार्डे करण्यास श्रम व खर्च लागतो, त्यामुळे ज्या प्रतिमेला मागणी आहे तीच मागावर चढते. म्हणून कोणत्या काळी कोणत्या प्रतिमा विणल्या गेल्या याची नोंद मिळाली, तर सामान्य कुटुंबाने आपल्या भिंतीवर कोणाला स्थान दिले याचा पुरावा हाती येईल. राजा रविवर्मा यांच्या १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातील चित्रांचा अभ्यास याच दृष्टीने झाला आहे. विणलेल्या चित्रांच्या वाट्याला तेवढे लक्ष आलेले नाही.

६. भौगोलिक मानांकन : नव्या काळातील ओळख

वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला व १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्यानुसार २००५-०६ या वर्षात सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांची नोंदणी झाली. महाराष्ट्रातील अगदी प्रारंभीच्या मानांकनांत त्यांचा समावेश होतो. स्वदेशीच्या काळात वस्त्राची ओळख राष्ट्राशी जोडलेली होती. जागतिकीकरणाच्या काळात ती स्थानाशी जोडली गेली. राष्ट्र आपली ओळख आता विशिष्ट गावांच्या व कौशल्यांच्या नावाने जगापुढे मांडू लागले आहे.

परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, स्मृतीचे नव्हे. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर नक्षी संगणकीय फाइलमध्ये साठविली जाते व पुठ्ठ्याच्या कार्डांची गरज उरत नाही. जुनी कार्डे निरुपयोगी झाली की त्यांच्याबरोबर नक्षीही जाते. नक्षी आखणाऱ्या, कार्डे पाडणाऱ्या आणि माग चालविणाऱ्या कारागिरांची नावे तर वस्त्रावर कधीच नव्हती. अवनींद्रनाथांचे नाव चित्राबरोबर राहिले, भित्तिवस्त्राचा कर्ता मात्र अनामिक राहिला.

या अनामिकतेची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यास आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत कारखानदाराच्या कुटुंबातील व्यक्तीही होत्या आणि कामगारांच्या कुटुंबातील व्यक्तीही होत्या. ज्या वस्त्राला राष्ट्राने सन्मानाचे मानांकन दिले, ते कोणत्या परिस्थितीत तयार होते, हा प्रश्न कलेच्या अभ्यासातून वगळता येणार नाही. कला राष्ट्राचा इतिहास दर्शविते असे म्हणताना त्या इतिहासात तिच्या निर्मात्याचे जीवितही अंतर्भूत असते.

७. निष्कर्ष

१) राष्ट्रीय ओळख स्थिर नसते. हातकताई, यंत्रमाग व भौगोलिक मानांकन या टप्प्यांतून वस्त्राचा राष्ट्रीय अर्थ बदलत गेला आहे.
२) सोलापुरी चादर ही एका जमातीची वा भाषेची निर्मिती नाही. तेलुगू विणकर, मराठी-कन्नड परिसर आणि युरोपीय तंत्र यांच्या संयोगातून ती घडली. भारतीय ओळखही अशाच संयोगातून घडलेली आहे.
३) भित्तिवस्त्रे ही लोकमानसातील प्रतिमांची ऐतिहासिक साधने आहेत. त्यांच्या कालक्रमानुसार नोंदीची नितांत आवश्यकता आहे.
४) हे काम सोलापूर परिसरातील महाविद्यालयांना सहज शक्य आहे. इतिहास, अर्थशास्त्र व भाषा विभागांनी एकत्रितपणे जुन्या नक्षीच्या आलेखांची व कार्डांची छायाचित्रे घ्यावीत, ज्येष्ठ कारागिरांच्या त्यांच्याच भाषेत मुलाखती नोंदवाव्यात आणि प्रत्येक नक्षीपुढे तिच्या कर्त्याचे नाव, त्याच्या संमतीने, लिहावे. कारखान्यातील कामाची व राहण्याची स्थिती हाही या नोंदीचा भाग असावा.

पुठ्ठ्याची कार्डे रद्दीत जाण्यापूर्वी आणि ती पाडणारे हात थकण्यापूर्वी हे काम झाले, तरच सोलापूरच्या मागावर उमटलेला राष्ट्राचा इतिहास पुढील अभ्यासकांना उपलब्ध होईल.