आग नसलेली बाजू

टीव्हीवर चॉप्स भाजायचा भाग लागला की कॅमेरा ज्वाळा सोडत नाही. मांस जाळीवर पडतं, चर्र आवाज होतो, चिमट्यानं उलटलं की खालचा खरपूस रंग दिसतो आणि पुढच्याच दृश्यात चॉप ताटात असतो. 'अमेरिकाज टेस्ट किचन'सारखे कार्यक्रम प्रत्येक कृतीमागचं कारण सांगतात, म्हणून मी ते आवडीनं पाहते. पण चॉप नेमका कशानं शिजतो, ते परसातल्या कोळशाच्या शेगडीपाशी उभं राहिल्यावरच ध्यानात आलं.

सुरुवात मिठाची. डुकराचे दीड इंच जाडीचे, हाडासकट चॉप्स. मीठ चोळलं की आधी अंगावर पाणी सुटतं. तासाभरात त्यातलं बरंचसं खारं पाणी परत आत मुरतं. पडद्यावर हा तास नसतोच. निवेदिका मीठ लावते आणि मुरलेल्या चॉप्सचं दुसरं ताट पुढे ओढते. १९६३ मध्ये बॉस्टनमधून ज्युलिया चाइल्ड यांचा 'द फ्रेंच शेफ' सुरू झाला, तेव्हाही पुढच्या टप्प्यावरचा पदार्थ आधीच तयार ठेवलेला असे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला दुसरा इलाज नाही.

मग कडेच्या चरबीला दोन चिरा. ती कड आणि तिच्याखालचा चिवट पापुद्रा आतल्या मांसापेक्षा जास्त आकसतो. चिरा नसतील तर चॉप वाटीसारखा वळतो आणि जाळीला धड टेकत नाही. चॉप पुसून कोरडा करायचा, कारण ओल असेपर्यंत उष्णता पाणी आटवण्यातच जाते. तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास येण्यासाठी पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो.

राख धरलेले निखारे शेगडीच्या एकाच अर्ध्यात लोटते. त्यांच्यावर चॉपला दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटंच. चरबी ठिबकून जाळ उसळला की पडद्यावर झकास दिसतं. प्रत्यक्षात काजळी धरते आणि कडवट लागते. म्हणून रंग आला की चॉप रिकाम्या अर्ध्याकडे सरकवायचा आणि झाकण लावायचं. खरं शिजणं इथलं, आणि इथे बघण्यासारखं काही नसतं. हाडाला न टेकवता तापमापक खुपसते. काटा ६० अंशांवर आला की उतरवते. ६३ पर्यंतचे उरलेले तीन अंश मांस ताटातच चढतं.

अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये डुकराच्या अख्ख्या तुकड्यांसाठीचं सुरक्षित तापमान ७१ अंशांवरून ६३ वर आणलं, पण त्याबरोबर तीन मिनिटं मुरू देण्याची अट घातली. जुन्या आकड्यानं चॉप कोरडा ठणठणीत होई. नवा आकडा कार्यक्रमात आवर्जून सांगतात. ती तीन मिनिटं मात्र संकलनात गळतात.

त्यामुळे आता असा भाग पाहताना जिथे दृश्य तुटतं, तिथे मी वहीत वेळ लिहिते: मीठ लावून एक तास, झाकणाखाली दहाएक मिनिटं, ताटात पाच. ज्वाळांच्या दृश्यांतून लिहून घेण्यासारखं फारसं निघत नाही.